गोरोबाकाकांचं थापटणं कुणावर पडलं? श्रद्धा आणि विज्ञान यांतला फरक सांगणारी तेरची गोष्ट

उन्हाळ्यात माठ घेताना आपण काय करतो? बोटं वाकवून त्यावर टकटक करतो. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का. बद्द आला तर कुठेतरी तडा आहे किंवा भाजणी कच्ची राहिली आहे. विकणारा कितीही शपथा घेऊ दे, निर्णय आवाजावर होतो.

सुमारे सातशे वर्षांपूर्वी आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या एका कुंभाराने हीच परीक्षा थेट संतांच्या डोक्यावर घेतली, अशी कथा वारकरी परंपरेत सांगितली जाते. हा कुंभार म्हणजे संत गोरा कुंभार. वारकऱ्यांचे गोरोबाकाका.

त्यांच्या चरित्रात एक प्रश्न दडलेला आहे. विज्ञानातली गोष्ट पुराव्याने चूक ठरू शकते, मग श्रद्धा चूक का ठरवता येत नाही? यावरून सोशल मीडियावर रोज भांडणं होतात. गोरोबांचं आयुष्य नीट पाहिलं तर या प्रश्नाकडे जरा शांतपणे बघता येतं.

गोरोबाकाका कोण होते?

परंपरेनुसार गोरोबांचा जन्म १२६७ सालचा आणि समाधी १३१७ सालची. म्हणजे ज्ञानेश्वर, नामदेव, सावता माळी, चोखामेळा यांचा तो काळ. या संतमंडळींमध्ये ते वयाने वडीलधारे मानले जात, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. आजही तेरमध्ये कुणी गोरा कुंभार म्हणत नाही. गोरोबाकाकाच म्हणतात.

तेर हे तेरणा नदीकाठचं गाव. गोरोबांचा व्यवसाय मडकी घडवण्याचा. माती आणायची, चाळायची, पाणी घालून पायांनी तुडवायची, चाकावर चढवायची, थापटण्याने ठोकून आकार द्यायचा आणि शेवटी आव्यात भाजायची. हे सगळं करत असताना तोंडी विठ्ठलाचं नाव.

वारकरी संतांचं वेगळेपण इथेच आहे. सावता माळ्यांना मळा सोडावा लागला नाही, नरहरी सोनारांना दुकान सोडावं लागलं नाही आणि गोरोबांना चाक सोडावं लागलं नाही. काम करता करताच भक्ती, हा या परंपरेचा गाभा. गोरोबांच्या नावावरचे अभंग मोजकेच आहेत. त्यांची ओळख अभंगांपेक्षा त्यांच्या आयुष्यातल्या दोन कथांमुळे जास्त आहे. एक कथा चिखलातल्या मुलाची, दुसरी थापटण्याची.

चिखलातलं मूल

पहिली कथा महाराष्ट्रात बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते.

गोरोबांची बायको संती पाण्याला निघाली. जाताना तिने रांगणाऱ्या बाळाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. गोरोबा चिखल तुडवत होते आणि भजनात पूर्ण बुडाले होते. बाळ रांगत रांगत वडिलांकडे आलं आणि चिखलात शिरलं. गोरोबांच्या पायाखाली ते तुडवलं गेलं. त्यांना कळलंही नाही.

संती परत आली तेव्हा चिखल लाल झाला होता.

तिने आकांत केला. नवऱ्याला दोष दिलाच, पण त्याच्या भक्तीलाही बोल लावला. जो देव भक्ताच्या पायाखालचं मूल वाचवू शकत नाही, त्याची भक्ती कशाला करायची, असा तिच्या रागाचा अर्थ होता. भजनात विघ्न आलं म्हणून गोरोबा तिच्या अंगावर धावून गेले. तेव्हा संतीने त्यांना विठ्ठलाची शपथ घातली, की यापुढे मला हात लावायचा नाही.

गोरोबांनी ती शपथ अक्षरशः पाळली. पुढे वंश चालावा म्हणून संतीने आपल्या धाकट्या बहिणीशी, रामीशी, त्यांचं लग्न लावून दिलं. सासऱ्यांनी निरोप देताना दोघींना सारखंच वागवायला सांगितलं. गोरोबांनी त्याचा अर्थ असा घेतला, की दोघींनाही हात लावायचा नाही. एका रात्री त्या दोघी त्यांच्या शेजारी झोपल्या आणि झोपेत त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवून घेतले. जाग आल्यावर शपथ मोडल्याचं गोरोबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी आपले दोन्ही हात तोडून टाकले.

हात गेलेल्या कुंभाराचं घर कसं चालणार? कथा सांगते, की स्वतः विठ्ठल रूप बदलून त्यांच्या घरी आला आणि मडकी घडवू लागला. मग आषाढीला सगळे पंढरपूरला गेले. तिथे नामदेवांचं कीर्तन रंगलं. सगळ्यांनी हात वर करून टाळ्या वाजवल्या, गोरोबांनीही थोटे हात वर केले आणि त्यांना हात फुटले. संतीने बाळाला हाक मारली आणि मेलेलं मूल रांगत तिच्याकडे आलं.

ही कथा मराठीपुरती राहिली नाही. तिच्यावर १९७४ साली ‘भक्त कुंभार’ हा कन्नड सिनेमा आला, त्यात राजकुमार गोरोबा झाले होते.

हे खरंच घडलं का?

इथे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत.

पहिला प्रश्न इतिहासाचा आहे. आज घरोघरी माहीत असलेलं गोरोबांचं चरित्र मुख्यतः महिपतींच्या ‘भक्तविजय’ या ग्रंथामुळे पसरलं. ‘भक्तविजय’ पूर्ण झाला १७६२ साली. म्हणजे गोरोबांच्या समाधीनंतर साधारण साडेचारशे वर्षांनी. मधल्या काळात या कथा कीर्तनांमधून, अभंगांमधून, तोंडातोंडी फिरत होत्या. त्या दिवशी तेरमध्ये नेमकं काय घडलं, हे तपासायला इतिहासकाराच्या हाती काहीही नाही. मेलेलं मूल जिवंत झालं हा दावा वैद्यकशास्त्राच्या सगळ्या अनुभवाच्या विरुद्ध जातो. त्यामुळे इतिहास म्हणून तो स्वीकारता येत नाही.

दुसरा प्रश्न श्रद्धेचा आहे आणि तो जास्त रंजक आहे. कथा नीट पाहा. मूल परत येतं ते अगदी शेवटी. मूल गेलं त्या दिवसापासून पंढरपूरच्या त्या कीर्तनापर्यंत गोरोबांच्या हाती काय होतं? मेलेलं मूल, दुखावलेली बायको, तुटलेले हात. देव दयाळू आहे या विधानाच्या विरोधात यापेक्षा मोठा पुरावा कोणता असू शकतो?

तरी गोरोबांची श्रद्धा हलली नाही. वाईट घडलं तर ती देवाने घेतलेली परीक्षा, चांगलं घडलं तर ती देवाची कृपा. दोन्हीकडून श्रद्धा घट्टच होते. अशा विश्वासाला चूक ठरवणारी घटना कल्पनेतही सापडत नाही. काहीही घडलं तरी त्याचा अर्थ लावायला जागा असते.

हाच प्रश्न संतीने आपल्या परीने विचारला होता. तिच्यासाठी मुलाचा मृत्यू हा पुरावा होता. विशेष म्हणजे शतकानुशतकं ही कथा सांगणाऱ्या कुणीही संतीचा राग गाळून टाकला नाही. तिला गप्प बसवलं नाही. मूल परत येतं तेही तिच्याच हाकेने.

थापटणं कुणाच्या डोक्यावर?

आता दुसरी कथा.

एकदा निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव अशी सगळी मंडळी गोरोबांकडे जमली होती. कोपऱ्यात थापटणं पडलेलं होतं. हे कशासाठी, असं मुक्ताबाईंनी विचारलं. मडकं कच्चं की पक्कं ते याने कळतं, असं गोरोबांनी सांगितलं. मग मुक्ताबाई म्हणाल्या, आम्हीही मडकीच आहोत, आमची परीक्षा घ्या.

गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवांच्या डोक्यावर मात्र थापटणं पडताच ते चिडले, त्यांनी आक्षेप घेतला. गोरोबांनी निकाल दिला, की हे मडकं कच्चं आहे.

नामदेवांना हे फार लागलं. ते पंढरपूरला गेले आणि त्यांनी विठ्ठलाकडे तक्रार केली. विठ्ठलाने त्यांना विसोबा खेचर यांच्याकडे पाठवलं. विसोबा देवळात शिवलिंगावर पाय ठेवून झोपले होते. नामदेवांनी पाय काढायला सांगितलं. जिथे देव नाही तिथे तूच माझे पाय ठेव, असं विसोबांनी सुचवलं. नामदेव पाय जिकडे ठेवतील तिकडे त्यांना लिंग दिसू लागलं. देव फक्त पंढरपूरच्या विटेवरच आहे ही त्यांची समजूत तिथे गळून पडली आणि त्यांनी विसोबांना गुरू केलं.

श्रद्धा कधीच बदलत नाही, असं जे म्हटलं जातं ते या कथेने खोटं ठरतं. नामदेवांसारख्या भक्ताचीही देवाबद्दलची समजूत बदलली. श्रद्धेच्या आत दुरुस्ती होते, वाद होतात, मोठमोठे बदल होतात. चोखामेळ्याला देवळाबाहेर ठेवणाऱ्या परंपरेशी संतांनी जो झगडा केला, तोही श्रद्धेच्या आतूनच केला.

पण परीक्षा कुणाची झाली ते बघा. थापटणं नामदेवांवर पडलं, विठ्ठलावर पडलं नाही. भक्त कच्चा निघू शकतो, देव निघू शकत नाही. श्रद्धेत माणसाची परीक्षा होते. त्याचा अहंकार, त्याचा संयम, त्याची माया, हे सगळं ठोकून पाहिलं जातं. ज्यावर विश्वास ठेवायचा, ते मात्र परीक्षेच्या बाहेर असतं.

विज्ञानात थापटणं उलट्या बाजूला पडतं. तिथे दावा ठोकून पाहिला जातो. तो करणारा कितीही मोठा असो, आवाज बद्द आला की दावा बाजूला ठेवावा लागतो.

विसाव्या शतकात व्हिएन्नामध्ये वाढलेले तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी हीच गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली. १९३४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचा मुद्दा थोडक्यात असा, की एखादं विधान वैज्ञानिक ठरायचं असेल तर काय घडलं म्हणजे ते चूक ठरेल, हे आधीच सांगता आलं पाहिजे. जे विधान कुठल्याच परिस्थितीत चूक ठरू शकत नाही ते खरं असेल किंवा नसेल, पण ते विज्ञान नाही.

तेरमध्येच झालेली एक परीक्षा

याचं उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही. ते गोरोबांच्या गावातच आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. तो ग्रंथ ‘पेरिप्लस’ नावाने ओळखला जातो. त्यात दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठांची नावं आहेत. एक पैठण आणि दुसरी तगर. तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर आहे, असं त्यात म्हटलं आहे.

हे तगर नेमकं कुठे? एकोणिसाव्या शतकात यावर बरेच अंदाज बांधले गेले. कुणी दौलताबाद म्हणालं, कुणी जुन्नर. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाने बीड जिल्ह्यातलं धारूर सुचवलं. पण अंदाज करणाऱ्याचं नाव मोठं असून चालत नाही. जुन्नर पैठणच्या पश्चिमेला आहे, दौलताबाद उत्तरेकडे. दिशेच्या पहिल्याच टकटकीला हे दोन्ही अंदाज बद्द वाजतात.

१९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, असं मांडलं. तगर या नावापासून तेर कसं झालं आणि पैठणपासूनचं अंतर कसं जुळतं, हे त्यांनी दाखवलं. तेरही पैठणच्या थेट पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. म्हणजे तोही दावा सगळ्या बाजूंनी चोख नव्हता. पुढे १९५८ साली आणि नंतरही तिथे उत्खननं झाली. सातवाहन काळातली भरभराटीची वस्ती आणि रोमन जगाशी असलेल्या व्यापाराच्या खुणा सापडल्या. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही बघायला मिळतात. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेई इथे सापडलेल्या भारतीय मूर्तीशी मिळतीजुळती आहे.

आज तगर म्हणजे तेर हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. पण उद्या दुसऱ्या एखाद्या गावात तगर नाव कोरलेला त्या काळचा शिलालेख सापडला, तर हे मतही पुन्हा तपासावं लागेल. त्यात कुणाचा अपमान होणार नाही.

नकाशा बदलला, वारी थांबली नाही

तगर कुठे होतं यावर कुणाचा जीव अवलंबून नव्हता. पण याच जिल्ह्यात विज्ञानाची एक समजूत चूक ठरली, तेव्हा तिची किंमत माणसांनी मोजली.

दख्खनचं पठार हा पृथ्वीच्या कवचाचा जुना, स्थिर भाग आहे आणि तिथे मोठा भूकंप होण्याची शक्यता फार कमी आहे, असं बराच काळ मानलं जात होतं. १९६७ साली कोयनेला मोठा भूकंप झाला, पण त्याचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला. देशाच्या भूकंप नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागातच राहिला.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर, या परिसरातली गावंच्या गावं कोसळली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद असलेल्या घरांखाली हजारो माणसं झोपेतच गेली.

त्या पहाटे संतीचा प्रश्न कितीतरी आयांनी विचारला असेल.

यानंतर दोन गोष्टी घडल्या. शास्त्रज्ञांना आपलं जुनं मत सोडावं लागलं. पठाराचा पुन्हा अभ्यास झाला. २००२ साली देशाचा भूकंप नकाशा बदलला, पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. याचा अर्थ घरं कशी बांधायची याचे नियमही बदलले. चूक मान्य करण्याची सोय होती, म्हणून पुढच्या पिढीच्या घरांच्या भिंती अधिक मजबूत करता आल्या.

दुसरीकडे तुळजापूरची नवरात्रं भरतच राहिली. पंढरीची वारी निघतच राहिली. भूकंपाने देवाचं खंडन झालं, असं बहुतेक भाविकांनी मानलं नाही. याला मूर्खपणा म्हणणं सोपं आहे. पण सगळं गमावलेल्या माणसाला उद्या सकाळी उठायचं असतं. जमीन का हादरली याचं उत्तर भूगर्भशास्त्राने द्यायचं. हे दुःख घेऊन जगायचं कसं, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे.

त्याच वेळी हेही तितकंच खरं, की नुसत्या श्रद्धेने एकही भिंत मजबूत झाली नसती. जो विश्वास कधीच चूक ठरत नाही, त्याच्याकडून नवीन नकाशा मिळत नाही.

मग चमत्काराच्या दाव्यांचं काय?

खरी अडचण होते ती दोन्हींची सरमिसळ झाली की. माझ्या मंत्राने साप चावलेला माणूस बरा होतो, असं कुणी म्हणालं तर ते श्रद्धेचं विधान राहत नाही. तो तपासता येणारा दावा आहे. त्यावर थापटणं पडलंच पाहिजे. भक्त कच्चा होता म्हणून मंत्र चालला नाही, ही पळवाट तिथे देता येत नाही, कारण तोपर्यंत माणूस गेलेला असतो.

महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने ही रेषा बरीच स्पष्ट आखली आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा या कायद्याने गुन्हा आहे. दुसरीकडे वारी, कीर्तन, भजन आणि होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगणं, याला कायद्याने हात लावलेला नाही.

म्हणजे गोरोबांच्या हातांची गोष्ट कीर्तनात खुशाल सांगा. पण तुटलेला हात भजनाने जोडून देतो असं कुणी आज सांगू लागला, तर त्याच्या नादी न लागता आधी दवाखाना गाठा.

समाधी आणि यात्रा

परंपरेनुसार गोरोबांनी चैत्र वद्य त्रयोदशीला तेरमध्ये समाधी घेतली. तेरणेच्या काठी त्यांचं समाधी मंदिर आहे. दरवर्षी चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते आणि दिंड्या येतात. त्याच गावात काही अंतरावर लामतुरे संग्रहालय आहे, जिथे मातीतून निघालेली दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं मांडून ठेवली आहेत.

तेरला गेलात तर दोन्ही ठिकाणी जा. समाधीपुढे उभं राहिल्यावर प्रश्न पडतो, की आपलं मडकं किती भाजलं गेलं आहे. संग्रहालयात प्रश्न वेगळा पडतो, की जे सांगितलं जातंय त्याला पुरावा काय. दोन्ही प्रश्न विचारण्यासारखे आहेत. व्हॉट्सॲपवर पुढचा चमत्कार किंवा पुढचा ‘शास्त्रीय’ दावा येईल तेव्हा फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा, की हा दावा चूक असेल तर ते आपल्याला कशावरून कळेल? उत्तर सापडलं तर टकटक करून बघा. सापडलंच नाही, तर त्याला विज्ञान म्हणून पुढे पाठवू नका.